दिवाळीच्या आत संहिता हवी

धान कापून झालं, मळणी आटोपली आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले की वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. कागदोपत्री देसाईगंज, पण सगळ्यांच्या तोंडी वडसा असलेलं हे गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि या पट्ट्याला दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक लागतं. गावात शंकरपट असेल तर दिवसा बैलजोड्या धावतात, घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्री जेवणं उरकून सगळे मंडपाकडे निघतात. पडदा दहाच्या पुढेमागे वर जातो. नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक तिकीट काढून आलेले असतात, अंगावर चादरी-घोंगड्या असतात, मांडीवर पोरं झोपलेली असतात.

या गर्दीत कुठंतरी नाटकाचा लेखकही असतो. पुण्या-मुंबईच्या कादंबरीकाराला आपलं पुस्तक कोणाला भावलं आणि कोणी अर्ध्यात टाकलं हे कळायला महिने लागतात, कधी कळतच नाही. झाडीपट्टीच्या लेखकाला ते त्याच रात्री कळतं. जिथं हुंदका यावा म्हणून त्यानं संवाद लिहिला, तिथं मागच्या रांगेतून हशा आला, तर ऐकून घ्यावा लागतो. तिसऱ्या प्रवेशात माणसं चहाच्या टपरीकडे उठून गेली, तर ती पाठमोरी दिसतात. आणि दोन-दोन हजारांचा जमाव एकदम गप्प झाला, बायकांचे पदर डोळ्यांना लागले, तर तेही त्याच्यासमोरच घडतं.

आपण लिहितो ते खरंच लेखन आहे का, की आपण लोकांना फसवतोय, ही शंका जगभरच्या कथालेखकांना छळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र या शंकेला काही खास कारणं आहेत, आणि ती निभावून नेण्याचे काही मार्गही इथल्या लिहित्या माणसांनी शोधले आहेत. ते मार्ग बाहेरच्यांनीही बघावेत असे आहेत.

या शंकेला मानसशास्त्रात नाव मिळालं १९७८ साली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेच्या वर यशस्वी स्त्रियांशी बोलून एक शोधनिबंध लिहिला. या स्त्रियांकडे पदव्या होत्या, मानसन्मान होते, सहकाऱ्यांचा आदर होता. तरीही त्यांना आतून वाटत होतं की हे सगळं नशिबानं मिळालं, निवड करणाऱ्यांची चूक झाली, आणि एक दिवस आपलं बिंग फुटणार. आज याला सगळे इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. नावात सिंड्रोम असलं तरी मनोविकारांच्या अधिकृत यादीत तो आजार म्हणून नाही. पुढं पुरुषांतही हा अनुभव आढळला. १९८५ मध्ये क्लान्स यांनी तो मोजण्यासाठी वीस प्रश्नांची एक चाचणी तयार केली.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याच्या बाबतीत हा अनुभव जास्त खोल जातो. डॉक्टरच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते, वायरमनकडे परवाना असतो. कादंबरीकाराकडे असा कागद नसतो. मागची कादंबरी गाजली म्हणून पुढचीचं पहिलं पान सोपं होत नाही. शिवाय त्याचा धंदाच न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगण्याचा. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक आहे, असा दावा तो पानोपानी करत असतो. त्यामुळे ‘तू खोटा आहेस’ असं मन म्हणू लागलं की त्याच्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नसतं.

जॉन स्टाइनबेकचं उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. १९३८ च्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत तो ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी लिहीत होता आणि सोबत एक रोजनिशी ठेवत होता. आपण लेखक नाही, स्वतःला आणि इतरांना फसवत आलोय, अशा अर्थाच्या नोंदी त्या रोजनिशीत आहेत. कादंबरी १९३९ मध्ये आली, १९४० मध्ये तिला पुलित्झर मिळालं. १९६२ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर एका पत्रकारानं विचारलं, तुमची ही पात्रता आहे का? त्यानं सरळ ‘नाही’ म्हणून सांगितलं. इतका मोठा सन्मानही ती शंका मिटवू शकला नव्हता. पण त्या पाच महिन्यांत त्यानं एक शिस्त पाळली होती. दिवसाला साधारण दोन हजार शब्दांचा पल्ला ठरलेला, आणि कामाला बसण्याआधी मनातली भीती रोजनिशीत लिहून काढायची. शंका एका वहीत, कादंबरी दुसरीकडे. शंका संपण्याची वाट पाहत तो बसला नाही.

स्टाइनबेकच्या शंकेत एक गोष्ट नव्हती. आपण ज्या भाषेत बोलतो ती लिहिण्याच्या लायकीची आहे का, हा प्रश्न त्याला कोणी शाळेत शिकवला नव्हता. झाडीपट्टीतल्या मुलाला तो शिकवला जातो.

इथल्या झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. पाणी इथं पानी होतं, डोळा डोरा होतो. घरात, शेतात, धानाच्या बांधीवर हेच कानावर पडतं. शाळेत मात्र बोलल्याप्रमाणे लिहिलं की लाल रेघ येते, आणि मोठ्यानं वाचलं की वर्गात हसू फुटतं. असं काही वर्षं झालं की मुलाच्या डोक्यात दोन कप्पे पडतात. एक भाषा जगायची, एक लिहायची. मोठा होऊन हा मुलगा कथा लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या कथेतला नागभीडचा शेतकरी पुण्याच्या मालिकेतल्यासारखा बोलू लागतो. लेखकाला स्वतःलाच ते खोटं वाटतं आणि तो ठरवून टाकतो की आपल्याला लिहिता येत नाही. लिहिता येत असतं. त्याला त्याची भाषा वापरायला कोणी मोकळीक दिलेली नसते, एवढंच.

हा गुंता सोडवण्यात सर्वांत मोठं काम केलं साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी. गावोगाव फिरून त्यांनी झाडीबोलीचे शब्द, म्हणी, लोकगीतं आणि दंडारीसारखे नाट्यप्रकार गोळा केले, बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला, कोश सिद्ध केला. झाडीबोली साहित्य मंडळ उभं राहिलं आणि त्याची संमेलनं मोठ्या शहरांचा हट्ट न धरता झाडीपट्टीतल्या लहान गावांत भरू लागली. कोश हे काम बाहेरून कोरडं दिसतं. पण आजी जो शब्द बोलायची तो छापील पानावर, अर्थासह, ओळीत उभा दिसणं, याचा लिहिणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो हे ज्यांनी अनुभवलं त्यांनाच कळेल. शाळेनं चूक ठरवलेला शब्द विद्वानानं नोंदवून घेतलेला असतो. चार लोकांच्या संमेलनात त्या बोलीतली कथा वाचली जाते, समोरची माणसं योग्य जागी हसतात, आणि लेखकाची मान थोडी वर होते.

१९७९ हे वर्ष या भागासाठी मोठं होतं. त्या वर्षी चंद्रपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वामन कृष्ण चोरघडे, विदर्भाचेच आणि कथाकार. त्याच वर्षी चंद्रपूरपासून जवळच असलेल्या भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलनही झालं. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी दोन मांडव. दुसऱ्या मांडवाची गरज का पडली हे समजायला त्या आधीची मराठी कथा उघडून बघावी. तिच्यात आदिवासी माणूस फार वेळा चांदण्यातल्या नाचापुरता आणि ढोलापुरता येतो. त्याला कर्ज नसतं, तलाठी नसतो, त्याच्या मनात द्विधा नसते. अशा गोष्टी वाचत वाढलेल्या गोंड किंवा माडिया मुलाला आपल्या जगण्याची गोष्ट होऊ शकते हे सुचणार तरी कसं? त्याच्या घरात मराठीही परकीच. विनायक तुमराम, भुजंग मेश्राम यांच्यासारखे कवी आणि नंदुरबारकडच्या नजुबाई गावितांसारख्या, ‘तृष्णा’ लिहिणाऱ्या कादंबरीकार पुढं आल्या, तेव्हा त्यांच्यामागे मराठीत आपल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची रांग नव्हती. ज्याच्या आधी कोणीच नाही, त्याला आपण घुसखोर आहोत असं वाटलं तर त्यात मनाचा दोष शोधू नये.

शंकेची दुसरी बाजू बाहेरून आलेल्या लेखकाची. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकशाला बाबा आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथं पुण्याहून येऊन राहिलेल्या कार्यकर्त्यांपैकी विलास मनोहर पुढं लेखक झाले. प्रकल्पातल्या वन्य प्राण्यांवर त्यांनी ‘नेगल’ लिहिलं, आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक जुरू नावाचा माडिया तरुण आहे. चंद्रपूरचे प्राध्यापक आणि पत्रकार सुरेश द्वादशीवार यांनीही ‘हाकुमी’ या कादंबरीत माडियांचं जग मांडलं. दोन्ही लेखक त्या समाजात जन्मलेले नाहीत. मग त्यांना हा अधिकार आहे का, असा प्रश्न वाचक विचारतो, आणि प्रामाणिक लेखक तो आधी स्वतःला विचारतो.

हा प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून संवादाची एकच अडचण जवळून पाहू. माडिया ही द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. कथेतला माडिया माणूस मराठी पुस्तकात बोलणार कसा? त्याच्या तोंडी मोडकीतोडकी मराठी घातली तर तो वाचकाला बावळट वाटतो, आणि स्वतःच्या भाषेत तर तो बावळट नाहीच. तिथं तो कोटी करतो, टोमणे मारतो, वाद घालतो. प्रमाण मराठी घातली तर तो कॉलेजातला प्राध्यापक वाटू लागतो. माडिया शब्द जसेच्या तसे पेरले तर वाचक दर ओळीला अडखळतो. निभाव लागतो तो साध्या, आखूड मराठी वाक्यांत, आणि ज्या गोष्टीला मराठीत जागाच नाही ते गोटुल (गावचं एकत्र जमण्याचं घर), पेरमा (गावचा पुजारी) असे मोजके शब्द तसेच ठेवण्यात. हा निर्णय एकदा घेऊन भागत नाही, तो प्रत्येक पानावर घ्यावा लागतो, आणि तिथं शंका लेखकाच्या कामी येते. जो शंका घेत नाही तो चांदण्यातला नाच लिहून मोकळा होतो.

मनोहरांचं आणखी एक पुस्तक या संदर्भात आठवतं. बाबा आमट्यांच्या घरात वावरून, वर्षानुवर्षं त्यांना जवळून पाहून त्यांनी बाबांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘मला (न) कळलेले बाबा’. आपल्याला पुरतं कळलं नाही, ही कबुली त्यांनी मुखपृष्ठावरच छापली. शंका लपवली की लेखक तिच्या ओझ्याखाली दबतो. उघड सांगितली की वाचक तिच्यासह पुस्तक हातात घेतो, आणि लेखकाला सर्वज्ञ असल्याचं उसनं अवसान आणावं लागत नाही.

अलीकडे मानसशास्त्राच्या चर्चेतही हा सूर ऐकू येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन ब्यूरी यांचा एक लेख आला. बायकांना इम्पोस्टर सिंड्रोम झाल्याचं सांगणं थांबवा, असं त्यांचं म्हणणं. ज्या कचेऱ्यांत स्त्रियांना, गौरेतरांना परकं वाटावं अशीच घडी आहे, तिथं दुरुस्ती त्या माणसांची करायची की घडीची, हा त्यांचा सवाल. कचेरीच्या जागी साहित्यव्यवहार ठेवला तर तोच सवाल गडचिरोलीला लागू पडतो. प्रकाशक, समीक्षक, पुरस्कार समित्या, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, सगळं शेकडो किलोमीटर पलीकडे. हस्तलिखित पाठवावं आणि उत्तर येऊ नये. महिनोन्‌महिने चाललेलं हे मौन लेखक स्वतःच्या लायकीचा निकाल म्हणून वाचतो. बहुतेकदा ते पाकीट कोणी उघडलेलंही नसतं.

अण्णा भाऊ साठ्यांचं आयुष्य इथं आठवतं. दीड दिवसाची शाळा, पोटासाठी मुंबई, गिरणगावातली चाळ. ‘फकिरा’ ही कादंबरी आली १९५९ मध्ये. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९४४ च्या सुमाराला, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. पोवाडे, लोकनाट्य, वग. मैदानात बसलेल्या गिरणी कामगारांसमोर त्यांचा शब्द किती वेळा पारखला गेला असेल! कादंबरी छापण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलं होतं की आपलं वाक्य हजार माणसांना धरून ठेवतं. छापील जगाच्या मान्यतेआधी मिळालेला हा विश्वास फार मोलाचा असतो, आणि झाडीपट्टीचा लेखक नेमका याच वाटेनं चालतो.

नवरगावचे सदानंद बोरकर लेखक, दिग्दर्शक आणि नट अशा तिन्ही भूमिकांत वावरले. झाडीपट्टीत ही गोष्ट नवलाची नाही. लिहिणारा माणूस कंपनीतच असतो. तालमीत त्याचा संवाद नटाच्या तोंडात बसत नाही, नट दोनदा अडखळतो, तिसऱ्यांदा स्वतःच शब्द फिरवतो, आणि फिरवलेला शब्द बरा निघतो. लेखक तो वहीत उतरवून घेतो. आपलं वाक्य पडलं याचं दुःख करत बसायला त्याला फुरसत नसते, कारण प्रयोगाची तारीख गावाला दिलेली असते आणि गाडीवर भोंगा लावून आसपासच्या गावांत पुकाराही सुरू झालेला असतो. मोठ्यानं वाचणं, चार माणसांसमोर वाचणं आणि दुसऱ्याच्या तोंडून आपलं लिखाण ऐकणं, हे उपाय कुठल्याही कथाकाराला करता येतात. कागदावर जी वाक्यं शंका आणतात त्यातली निम्मी कानावर पडताच निकाली निघतात. एकतर ती चांगली असतात किंवा काढून टाकायची असतात.

तारखेचं महत्त्वही कमी लेखू नये. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी कथाकाराचं वर्ष संपादकाच्या पत्राभोवती फिरतं. किती कथा केवळ ‘अमुक तारखेपर्यंत पाठवा’ या एका ओळीमुळे लिहून पूर्ण झाल्या असतील! झाडीपट्टीतही दिवाळीच गाठायची असते, फक्त मागणी संपादकाऐवजी कंपनीच्या मालकाची. मोकळा वेळ असला की शंका फोफावते. हंगाम तोंडावर आला की तिला दाराबाहेर थांबावं लागतं.

गर्दीची पसंती हा मात्र शेवटचा निकाल मानण्यात धोका आहे. पहाटेपर्यंत माणसं धरून ठेवायची तर गाणं हवं, विनोद हवा, कुंकवाची आणि लेकराच्या ताटातुटीची गोष्ट हवी, असा एक साचा तयार होतो. तो साचा एकदा गाजला की लेखकाला दुसरीच भीती धरते. वेगळं लिहिलं आणि लोक उठून गेले तर? पडलेल्या नाटकापेक्षा चाललेलं नाटक लेखकाला जास्त बांधून ठेवतं. हुंडा, दारू, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची आत्महत्या असे विषय झाडीपट्टीच्या रंगमंचावर आले ते या भीतीला न जुमानणाऱ्यांमुळे. त्यांच्या पाठीशी नटांचा भक्कम आधार होता हेही सांगायला हवं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आठशेच्या आसपास भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. वर्षानुवर्षं शहरी समीक्षेनं भडक म्हणून बाजूला सारलेल्या रंगभूमीचा तो सन्मान होता, आणि तिच्यासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यातला वाटा मिळाला.

चंद्रपूरला मराठी साहित्य संमेलन पुन्हा भरलं ते २०१२ मध्ये, वसंत आबाजी डहाक्यांच्या अध्यक्षतेखाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं होतं. झाडीपट्टीची आणि तिथल्या लेखकांची एक मोठी नड हे विद्यापीठ भागवू शकतं. इथल्या नाटकांच्या असंख्य संहिता कधी छापल्याच गेल्या नाहीत. त्या हस्तलिखितात, झेरॉक्स प्रतींत, कंपनीच्या पेट्यांत पडून आहेत. दर हंगामाला नवं नाटक येतं आणि जुन्याची वही वाळवीच्या तोंडी जाते. निवडक संहिता गोळा करून, बोलीतले उच्चार तसेच ठेवून, लेखकांच्या नावासह छापायचं काम विद्यापीठानं आणि झाडीबोली साहित्य मंडळानं मिळून हाती घ्यावं. आज सिंदेवाहीच्या किंवा कुरखेड्याच्या एखाद्या मुलीला नाटक लिहावंसं वाटलं, तर पुण्या-मुंबईची नाटकं तिला तालुक्याच्या वाचनालयात मिळतात. शेजारच्या गावात वीस वर्षांपूर्वी गाजलेल्या नाटकाची प्रत मात्र तिला ओळखीपाळखीतून, कोणाच्या तरी घरी जाऊन मागावी लागते.